खड्डा कोणी भरायचा

भाऊ,

तुमच्या बेसण्यावरून, म्हणजे शोकसभेवरून, निघाले आणि दांडिया बाजाराच्या नाक्यावर मला भूक लागली. आठवडाभर ताट समोर आलं की नको वाटत होतं. त्या दिवशी मात्र मी लारीपाशी थांबले, सेवउसळ घेतली, वर जास्तीची तरी घालून घेतली आणि ती संपल्यावर आणखी दोन पाव मागितले. खाऊन झाल्यावर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगते, कारण मला दुःख झालं नाही असं बाकी कोणाला वाटलं तरी चालेल, तुम्हाला वाटू नये.

भूक लागली ती आपल्या शर्यतीच्या टीमच्या मालकांमुळे, जयेशभाईंमुळे. तुमच्या घराच्या जिन्यात त्यांनी मला थांबवलं आणि दोन मिनिटांत असं काही सांगितलं, की दिवाळीपासून पोटात धरून ठेवलेला गोळा सुटला. ते काय म्हणाले ते पुढे लिहिते. पण तो गोळा कशाचा होता हे तुम्हाला माझ्या तोंडून कळायला हवं होतं आणि ते राहून गेलं. दिवाळीनंतर जयेशभाईंच्या टेबलावर दोन पानांचं एक पत्र गेलं. इंजिनात हाताने केले जाणारे सगळे बदल ताबडतोब थांबवावेत, इंजिन कंपनीने दिलेल्या मापावरच कायम ठेवावं, असं त्यात लिहिलं होतं. जयेशभाईंनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही शेडवर आला नाहीत.

ते पत्र मी लिहिलं होतं.

त्यात तुमचं नाव नव्हतं. ‘इंजिन विभाग’ असं लिहिलं होतं, जणू आपल्या शेडमध्ये तुमच्याशिवाय दुसरा कोणी इंजिन विभाग होता. आणि मी ते इंग्रजीत लिहिलं. मराठी शाळेत शिकलेली मी, इंग्रजीत अर्ज लिहायचा तर आधी मराठीत मांडून घेते. हेही तसंच मांडून घेतलं होतं, पण मराठी कागद मी फाडून टाकला. मराठीत दिलं असतं तर तुम्हाला वाचता आलं असतं.

बडोद्यात गोरव्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही जमिनीवर बसून एक जुना स्पार्क प्लग पुसत होतात. गोरव्यात कोणताही मराठी माणूस गुजराती कारागिरांचा ‘भाऊ’ होतो, पण तुमच्या बाबतीत ते नावच होऊन बसलं होतं. तुम्ही वर न बघता विचारलं, “गाव?”

“नंदुरबार.”

“नाव सांगू नकोस. नंदुरबार पुरे.”

मग तो प्लग माझ्या हातात ठेवलात. “रंग काय सांगतो?”

मी इंजिनिअरिंगच्या परीक्षेत स्पार्क प्लगची आकृती काढली होती, नावांसकट. पण खरा प्लग हातात धरण्याची ती पहिलीच वेळ होती, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हाला कळलं असणार. तुम्ही म्हणालात, “तपकिरी असला तर इंजिन जेवलेलं आहे. काळा असला तर जास्त जेवलंय. पांढरा असला तर उपाशी पळतंय, लवकर मरेल. पुस्तकात आहे का हे?”

“आहे,” मी म्हणाले. “पण असं नाही लिहिलेलं.”

“मग असं लिहून घे.”

मी वहीत लिहून घेतलं. मिरची बाजारात पोती उचलणाऱ्या माणसाची मी मुलगी, घरातली पहिली पदवी माझी. कोणी काही शिकवलं की लिहून घ्यायचं, हे माझ्या हाडात आहे. तुमच्याकडून शिकलेल्या गोष्टींच्या तीन वह्या भरल्या. त्याबद्दल मी तुम्हाला कधी थँक्यूसुद्धा म्हणाले नाही. तुम्ही म्हणू दिलं नसतंत हा भाग वेगळा.

तेव्हा आपली गाडी नुसत्या पेट्रोलची होती आणि आपली टीम छोटी असून जिंकत होती. जयेशभाईंचा पैसा, करणचं ड्रायव्हिंग आणि तुमचे कान. कोइमतूरला दुसऱ्या टीमांची माणसं लॅपटॉप घेऊन बसायची आणि तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून उभे राहायचात. करण समोरून गेला की म्हणायचात, “तिसऱ्या सिलिंडरचा घसा बसलाय.” गाडी आत आली की बॉनेट उघडून पाच मिनिटं काहीतरी करायचात. काय केलं ते कोणाला सांगायचं नाही, हा तुमचा नियम होता. कोणी विचारलं तर “देवाला हात जोडले” एवढंच उत्तर. जिंकत होतो तोवर विचारायची कोणाला गरजही पडली नाही.

मग नियम बदलला. आपल्या गटात पुढच्या हंगामापासून हायब्रिड. पेट्रोलचं छोटं टर्बो इंजिन, त्याच्या जोडीला विजेची मोटर, मोटरला बॅटरी. शर्यतीसाठी पेट्रोल मोजून मिळणार. जयेशभाईंनी सगळी सामग्री मागवली आणि मोटर, बॅटरी माझ्याकडे दिली. बॅटरीभोवती जमिनीवर पिवळा पट्टा मारायचा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय कोणी आत यायचं नाही, हा सुरक्षेचा नियम होता. तुम्ही एकदाच ते हातमोजे घातलेत, बोटं हलवून बघितलीत आणि काढून माझ्या हातात दिलेत.

“हात आंधळे होतात यांच्यात. तुझं तू बघ, माझं मी बघतो.”

आपल्या गाडीचं दुखणं त्या दिवशी सुरू झालं. पण तेव्हा ते मला तुमचं मोठेपण वाटलं. एवढा अनुभवी माणूस आपल्या कामात नाक खुपसत नाही, याचं मी घरी फोनवर कौतुकही केलं होतं.

पहिल्या शर्यतीत गाडी हळू कोपऱ्यांतून बाहेर पडताना बसायची. पाय दाबला तरी क्षणभर काहीच घडायचं नाही. टर्बो जागा व्हायला वेळ घेतो, तेवढा वेळ जोराला खड्डा पडतो. आपण दोघांनीही तो ओळखला. मी मोटरला आज्ञा दिली की कोपऱ्यातून निघताना जास्त ढकल. दुसऱ्या शर्यतीत करण आत आला तो घामाघूम.

“भाऊ, गाडी लात मारे छे. मागची चाकं निसटतायत.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे. मी मुकाट्याने मोटरचा जोर कमी केला. पुढच्या वेळी गाडी पुन्हा बसली. मी वाढवला. गाडीने पुन्हा लाथ मारली. हंगामभर हेच चाललं. कधी पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी, कधी पिसाळलेल्या बैलासारखी. ज्यांच्या पुढे आपण निवांत असायचो, त्या टीमा आपल्याला मागे टाकून गेल्या. परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून म्हणायचात, “बॅटरीचं काही खरं नाही.” आणि मी मनात म्हणायचे, इंजिन रोज वेगळं वागतंय.

इंजिन खरंच रोज वेगळं वागत होतं. तुम्ही सकाळी त्याला हात लावता हे मला दिसत होतं. काय करता ते विचारायची मला हिंमत नव्हती. आमच्या घरी मोठ्या माणसाला ‘तुम्ही काय केलंत’ असं विचारत नाहीत. ते विचारणं नसतं, जाब मागणं असतं. म्हणून तुमच्या तोंडावर विचारायचं सोडून मी तुमच्या मागे दोन पानं लिहिली. तेव्हा मला हा जास्त सभ्य मार्ग वाटला होता, भाऊ. आता विचार केला तर कळत नाही कसा वाटला.

पत्रात खोटं एक अक्षर नव्हतं, पण ते अर्धं होतं. हाताने केलेल्या बदलांमुळे गाडी भरवशाची राहत नाही, असं मी लिहिलं. मीसुद्धा दर शर्यतीनंतर मोटरच्या आज्ञा बदलते, हे मी लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. माझे बदल आकड्यांत होते, तुमचे पान्याने. आकड्यांत केलेला बदल म्हणजे सुधारणा आणि पान्याने केलेला बदल म्हणजे ढवळाढवळ, असं मी कॉलेजातून शिकून आले होते. कोणी शिकवलं नव्हतं तरी शिकून आले होते.

तुम्ही गेल्यावर इंजिन कंपनीच्या मापावर आणलं. हालोलच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या ट्रॅकवर चाचणी झाली. गाडी थोडी बसली, मी मोटरने तो खड्डा भरला आणि गाडी सुरेख निघाली. करणने अंगठा दाखवला. मला एक दिवस फार बरं वाटलं. मी बरोबर होते. दुसऱ्या दिवशी मी आकडे पाहिले आणि ते बरं वाटणं संपलं. हंगामात मी मोटरकडून जेवढा जोर मागत होते, त्याच्या जेमतेम निम्म्यात आता खड्डा भरला होता. मग हंगामभर तेवढा जास्त जोर देऊनही गाडी कधीकधी का बसत होती? आणि बसत नसे तेव्हा लाथ मारण्याइतका जोर येत कुठून होता?

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या, दिवशी गोरवा बंद होतं. सगळं बडोदं पतंग उडवत गच्चीवर होतं, चहूकडून ‘लपेट, लपेट’ ऐकू येत होतं. मी शेड उघडून बसले. इंजिनाचा संगणक वेगळ्या कंपनीचा, मोटरचा वेगळ्या. दोघांच्या नोंदी वेगळ्या फायलींत. इंजिनाची फाइल मी वर्षभरात एकदाही उघडली नव्हती, कारण ते तुमचं क्षेत्र होतं. त्या दुपारी पहिल्यांदा दोन्ही फायली एकाखाली एक लावल्या, गिअर बदलल्याच्या खुणा जुळवल्या आणि एकेक कोपरा पाहिला.

टर्बोचा दाब दुसऱ्या शर्यतीपासून लवकर चढत होता. म्हणजे तुम्ही टर्बोच्या बाजूची ती छोटी दांडी आवळली होती, एखादा-दुसरा आटा. मी मोटरला सांगून खड्डा भरला, त्याच आठवड्यात तुम्ही दांडी आवळून तोच खड्डा भरला. एका खड्ड्यात दोघांनी माती टाकली आणि तिथे उंचवटा झाला. गाडीने लाथ मारली तेव्हा दोघांनाही वाटलं आपलं जास्त झालं, आणि दोघांनीही गुपचूप आपापली माती काढून घेतली, तुम्ही तर कंपनीच्या मापाच्याही खाली. पुन्हा खड्डा. हे हंगामभर. वर्षात दोनच दिवस गाडी शहाण्यासारखी चालली होती. एकदा तुम्ही पुतणीच्या लग्नाला कोल्हापूरला गेला होतात. दुसऱ्या वेळी मला ताप होता आणि मी हॉटेलच्या खोलीत पडून होते.

मला तेव्हा माझे बाबा आठवले. नवरात्रात ते बडोद्याला आले होते, तुम्ही त्यांना शेड दाखवलीत. हायब्रिड म्हणजे काय, हे तुम्ही त्यांना समजावलंत, “हातगाडी ओढणारा एक आणि मागून लावणारा एक, बस.” बाबा म्हणाले, “मग दोघांनी एकमेकांना आवाज द्यावा लागतो. एकदम दोघांनी झटका दिला तर पोतं खाली येतं.” तुम्ही हसलात, मी त्यांना कँटीनमध्ये चहाला नेलं. चौथी शिकलेल्या हमालाने आपल्या गाडीचं निदान केलं होतं आणि आपण दोघं त्याला साखर किती घालू विचारत होतो.

त्या संध्याकाळी तुमच्याकडे यायचं ठरवलं. तुमच्या घरी फोन केला तर काकूंनी उचलला. “अगं, तुला माहीत नाही?” त्यांनी विचारलं. डिसेंबरात कावीळ झाली म्हणून दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांनी स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं सांगितलं होतं. फार दिवस नाहीत, हेही सांगितलं होतं. फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती तुमच्या दुखण्याची नव्हती. पत्राची होती. ते कोणी लिहिलं हे न कळताच तुम्ही जाल, हे माझ्या मनात आलं. मला या विचाराची अजून लाज वाटते, पण आता सगळं सांगायचंच आहे.

तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात. अंग निम्मं झालेलं, डोळे पिवळे.

“ये नंदुरबार. तुझी बॅटरी काय म्हणते?”

मी लॅपटॉप उघडला आणि दोन्ही रेघा दाखवल्या. ही तुमच्या दांडीची रेघ, ही माझ्या मोटरची. तुम्ही चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

“म्हणजे तूपण भरत होतीस?”

“हो.”

“आणि लाथ मारली की काढून घेत होतीस?”

“हो. तुम्हीपण?”

“मग काय तर. मी म्हटलं आपलाच आटा जास्त झाला.” तुम्ही पडद्यावर बोट ठेवलंत. “मला विचारायचं नाही होय?”

“तुम्ही मोठे. कसं विचारणार?”

“आणि मी तुला कसं विचारणार? तू शिकलेली. तू काहीतरी इंग्रजी सांगशील, मला कळणार नाही, आणि मग करणसमोर…”

काकू दारात उभ्या होत्या, हातात डाळिंबाच्या दाण्यांची वाटी. “वर्षभर एका गाडीवर दोघं,” त्या म्हणाल्या, “देवाने तोंडं कशाला दिली होती, नुसता चहा प्यायला?”

तुम्ही हसलात. हसताना पोट धरलंत, दुखत होतं तरी हसत राहिलात. मीही हसले, आणि मग मला रडू आलं. तुम्ही काकूंना म्हणालात, “हिला डाळिंब दे, मला बघून घाबरली.” मी पत्राचं सांगणार होते. ओठांवर आलं होतं. पण त्या हसण्यात ते टाकवेना. आज नको, पुढच्या वेळी, असं मी मनात म्हणाले. मग प्रत्येक वेळी तेच म्हणत राहिले.

त्यानंतर तीन रविवार तुम्ही रिक्षाने शेडवर आलात. खुर्ची पिवळ्या पट्ट्याला लागून मांडलीत. नवा रिवाज तुम्हीच घातलात, गाडीला हात लावायच्या आधी मोठ्याने बोलायचं. “दांडी, अर्धा आटा, आवळतोय.” “मोटर, दुसरा गिअर, थोडी कमी.” एरवी ज्या माणसाच्या तोंडून ‘देवाला हात जोडले’ याखेरीज काही निघत नसे, तो शेडभर ओरडून आपलं काम सांगत होता. पोरं हसायची. करण म्हणायचा, “भाऊ, लाउडस्पीकर लावी आपुं?” माझ्या तीन वर्षांच्या वह्यांत मिळून जेवढं नाही तेवढं त्या तीन रविवारी तुम्ही बोललात. तुमचं एवढं ऐकायला मिळालं, यासाठी मी त्या आजाराची आभारी आहे असं म्हणवत नाही. पण त्या उघड्या तोंडाची आहे.

आणि वादही तिथेच पेटला. खड्डा आहे, भरायचा आहे, हे दोघांना मान्य. भरायचा कोणी? तुमचं म्हणणं, इंजिनाने.

“ज्याचं पोट त्याने भरावं. शेजाऱ्याच्या डब्यावर जेवायची सवय लागली की डबा आला नाही त्या दिवशी उपास. शेवटच्या फेऱ्यांत तुझी बॅटरी रिकामी झाली की खड्डा पुन्हा उघडा. तेव्हा करणने काय करायचं?”

माझं म्हणणं, मोटरने. दांडी आवळली की इंजिन तापतं, मोजून मिळालेलं पेट्रोल जास्त खातं. मोटर क्षणात हुकूम ऐकते, हवा तेवढाच जोर देते, आणि तो जोर प्रत्येक कोपऱ्याला वेगळा ठेवता येतो. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. नीट, आकड्यांनिशी, दोन रेघांसकट.

मी सांगितलं नाही. तुम्ही “तीन आटे” म्हणालात, मी “बरं” म्हणाले. तुम्ही “मोटरला फक्त वरून चिमूटभर” म्हणालात, मी “बरं” म्हणाले. तुम्ही एकदा भुवया उंचावून माझ्याकडे बघितलंत. “पटतंय ना? का म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून?”

“पटतंय, भाऊ.”

पटत नव्हतं. पण ज्या माणसाला मी दोन पानं लिहून घरी बसवलं, त्याला त्याच्याच इंजिनाबद्दल नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं. प्रत्येक ‘बरं’ हे त्या पत्राची भरपाई होतं. वर्षभर मी तुम्हाला मान देऊन गप्प बसले, आता अपराधी वाटून गप्प बसत होते. शब्द तेवढे वाढले होते.

होळीनंतर तुम्ही उठला नाहीत. शेवटच्या भेटीत तुमचा आवाज अगदी खाली गेला होता. मी कान जवळ नेला.

“दांडी किती?”

“तीन आटे.”

“चालतंय ना?”

“छान चालतंय.”

आठव्या-नवव्या फेरीनंतर इंजिन तापून जोर कमी होतो, हे मी सांगितलं नाही. तुम्ही डोळे मिटलेत. मी तुमच्या पायांना हात लावून निघाले. पाच दिवसांनी करणचा फोन आला. मी ‘हं’ म्हणाले आणि हातातला पाना जागेवर ठेवला. आता त्या पत्राची कबुली कायमची माझ्याकडेच राहणार, एवढंच कळत होतं.

बेसण्याला तुमच्या फोटोसमोर हात जोडले तेव्हाही तेच डोक्यात होतं. खोलीत बायका भजन म्हणत होत्या, निम्मं मराठी, निम्मं गुजराती. मी काकूंजवळ बसले, उठले, बाहेर जिन्यात आले. मागून जयेशभाई आले. चप्पल शोधता शोधता ते म्हणाले, “बेन, एक वात कहुं? आता सांगायला हरकत नाही. तमारो पेलो कागळ, दोन पानांचा, मी भाऊंना वाचून दाखवला होता.”

“कधी?”

“त्याच दिवशी. केबिनमध्ये. भाऊ म्हणाले, इंग्रजीत काय लिहिलंय, सगळं सांगा, एकेक ओळ. मग सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“काय म्हणणार? दहा मिनिटं मला शिव्या दिल्या. पाच मिनिटं तुम्हाला दिल्या. पछी पाणी प्यायले.” जयेशभाईंना चप्पल सापडली होती, पण त्यांनी ती घातली नाही. “मग म्हणाले, पोरगी खोटं लिहीत नाही. मी घरी बसतो, तसंही पोट बरं नाही. पण तिला काढायचं नाही. आणि मला माहीत आहे हे तिला कळू द्यायचं नाही. नाहीतर उद्यापासून माझ्यासमोर मान खाली घालेल, आणि मान खाली घालणारा इंजिनिअर तुमच्या काय कामाचा?”

ते खाली उतरून गेले. मी तिथेच पायरीवर बसले. म्हणजे मी रेघा दाखवल्या तेव्हा तुम्हाला माहीत होतं. हसलात, डाळिंब द्यायला सांगितलंत, तेव्हा माहीत होतं. खुर्ची माझ्या पिवळ्या पट्ट्याला लावून बसलात, “पटतंय ना?” म्हणून विचारलंत, तेव्हाही. तुम्हाला राग आला होता, हे ऐकून मला जास्त बरं वाटलं. नुसती क्षमा केली असतीत तर मला ती पेलली नसती. पाच मिनिटं शिव्या खाल्ल्या आहेत, आता माझ्याकडे काही बाकी नाही. तिथून उठले आणि नाक्यावर आले तोवर भूक लागली होती.

खरं तर तुम्हाला ज्याची भीती होती तेच मी केलं. मान खाली घातली. तुम्ही न सांगण्याची एवढी काळजी घेतलीत आणि मी मनातलं न सांगता तीन आटे आवळून घेतले. तुम्हाला वाद हवा होता, मी तुम्हाला होकार दिले. जाणाऱ्या माणसाला द्यायची ही वस्तू नव्हे.

परवा सोमवारी हालोलला चाचणी आहे. आज दुपारी मी पान्याने दांडीचे तीनही आटे सैल केले, मोठ्याने सांगून. करणने विचारलं, “भाऊंचं सेटिंग काढताय?” मी हो म्हणाले. खड्डा मोटर भरेल. शेवटच्या फेऱ्यांत बॅटरी रिकामी झाली तर काय, हा तुमचा प्रश्न मात्र खोटा नाही, आणि त्याला माझ्याकडे अजून पुरं उत्तर नाही. ट्रॅकच्या सरळ पट्टीवर बॅटरी वाचवून ठेवायची एक युक्ती डोक्यात आहे. ती फसेलही. फसली तर तुम्ही बरोबर होतात असं मी करणसमोर, जयेशभाईंसमोर आणि काकूंकडे येऊन सांगेन.

पण फेब्रुवारीत तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं ते आज म्हणते. भाऊ, तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही.